सनोबर आपाचे पाहुणे

बुखारा, २ एप्रिल

मस्तुरा, माझ्या धाकट्या बहिणी,

फोनवरची ती बारकी अक्षरं माझ्या बोटांना सापडत नाहीत, म्हणून नेहमीसारखं कागदावर लिहितेय आणि फोटो काढून पाठवतेय. अक्षर वाकडं दिसलं तर फोटो वाकडा आलाय असं समज.

जर्दाळूला फुलं आली आणि त्यांच्या मागोमाग तुझे पाहुणेही आले. तुझेच म्हणते मी. तीन वर्षांपूर्वी घराचे फोटो त्या वेबसाइटवर टाकलेस तू, अल्माटीत बसून त्यांच्याशी त्यांच्या भाषेत गोड गोड बोलतेस तू, आणि चादरी धुते मी! एका डच जोडप्याला अंगणातल्या चौथऱ्यावर झोपायचं होतं. झोपा म्हटलं. पहाटे थंडीने दात वाजवत आत आले. मग त्यांना गरम दूध, जाड रजया, अंडी, जर्दाळूचा मुरंबा. जाताना बाई गळ्यात पडून रडली. अशी माणसं आली की बरं वाटतं बघ.

पण त्या फ्रेंच माणसाने लिहिलेलं तू वाचून दाखवलंस तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. घर स्वच्छ, नाश्ता उत्तम, पण यजमानीण चहा देताना हात आखडता घेते, अर्धाच पियाला भरते, सारखं मागावं लागतं म्हणे. हात आखडता! माझा! अगं, अर्धा पियाला म्हणजे बस, घाई कसली, मी ओततच राहीन. काठोकाठ भरून कुणाला देतात? ज्याला "झालं, आता ऊठ" असं तोंडाने सांगायची लाज वाटते त्याला. तुझ्यासाठी त्या बोळक्या तोंडाच्या विधुराचं स्थळ आणलेली मध्यस्थ बाई आठवते ना? आईने तिला पियाला भरून दिला आणि बाई दोन घोटांत दाराबाहेर!

आता या फ्रेंच माणसाला हे कुणी समजवायचं? तू शाळेत इंग्रजी शिकवायचीस ना, तूच सांग.

तुझी सनोबर आपा

●

अल्माटी, ९ एप्रिल

प्रिय आपा,

त्याला मी लिहिलं, अगदी गोड शब्दांत लिहिलं. पण वेबसाइटवरचा तुमचा एक तारा कापला गेला तो गेलाच. आणि आपा, राग येऊ देऊ नका, गेल्या वर्षभरात आणखी तिघांनी हेच लिहिलंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी वाचून दाखवलं नव्हतं.

माझं ऐका. भरा पियाला. काठोकाठ भरा आणि हसून द्या. ते थोडेच आपले आहेत? त्यांच्याकडे भरलेला म्हणजे मन मोठं. पाहुण्याला खूश ठेवायचं तर त्याच्या रीतीने ठेवायचं, आपल्या नाही.

दुसरं म्हणजे वरची खोली. तीन खोल्या परक्यांना, आणि सगळ्यात उजेडाची, सज्जाची खोली कुलूप लावून बंद. धूळ खातेय बिचारी. उघडा ना आता ती.

गुडघ्याला तेल लावता का? मी पाठवलेलं संपलं असेल तर सांगा.

तुमची मस्तुरा

●

बुखारा, २० मे

मस्तुरा,

भरतेय बाई, भरतेय. पहिल्या आठवड्यात हात अर्ध्यावरच थांबायचा. प्रत्येक पाहुण्यापुढे पियाला ठेवताना मनात म्हणायचे, माफ कर रे बाबा, तुला हाकलत नाहीये. आता हात आपोआप काठापर्यंत जातो, बघावंही लागत नाही. एका कोरियन बाईने तर त्याचा फोटो काढला. तारेही सगळे मिळाले म्हणतेस. तुझा सल्ला लागू पडला, मानलं.

पण वरच्या खोलीचं नाव काढू नकोस. ती ओलिमची आहे.

तुला वाटतं मी हट्टी आहे. आहेच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात तसलीच मी. पण सात वर्षांपूर्वी पोटच्या पोराला जे बोलले ते मी एक दिवस विसरलेले नाही. "ती सोडचिठ्ठी झालेली, तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी, परमुलखातली बाई आणायची असेल तर या घरात तुला जागा नाही." जिभेला हाड नसतं. त्याने पिशवी भरली आणि गेला तिच्याकडे, त्या चेल्याबिन्स्कला, जिथे म्हणे आठ महिने बर्फ असतो. नंतर ना फोन, ना पत्र. लग्न झाल्याचं मला नानवाल्याकडून कळलं. आईला. नानवाल्याकडून!

आणि बघ खुदाचा न्याय. जागा नाही म्हणाले ते घर, आणि आता कुठकुठली माणसं माझ्या गाद्यांवर लोळतात. सगळ्या खोल्या भरलेल्या असतात तेव्हाच मला घर जास्त रिकामं वाटतं. जिन्यावर पाऊल वाजलं की अजून मान वर होते. तो दोन-दोन पायऱ्या चढायचा ना. पाहुणे एकेक चढतात.

म्हणून कुलूप आहे. कुलूप लावलेल्या खोलीत माणूस आहे असं समजता येतं.

सनोबर

●

अल्माटी, ३ ऑगस्ट

प्रिय आपा,

उत्तराला उशीर झाला. नातवाला कांजिण्या झाल्या होत्या, आता बरा आहे.

तुमच्याकडे एक मागणं आहे. नाही म्हणू नका. १२ सप्टेंबरला रशियाहून एक पाहुणा येतोय. बाप आणि पाच वर्षांची मुलगी. खालच्या खोल्या भरल्या आहेत आणि त्याला मी हो म्हणून बसलेय. त्यांना वरची खोली द्या. एकदाच. पुन्हा कधी सांगणार नाही.

का, ते विचारू नका. माणूस चांगला आहे. मी त्याच्याशी बोललेय. फार लांबून येतोय आणि मनाने थकलेला वाटला. तुमच्या हातचं खाऊन त्याला बरं वाटेल.

तुमची मस्तुरा

●

बुखारा, १५ ऑगस्ट

मस्तुरा,

दोन दिवस तुझ्यावर चिडून बसले होते. मग वाटलं, तू आयुष्यात माझ्याकडे काय मागितलंस? आई गेली तेव्हा तिचे झुमकेसुद्धा मागितले नाहीस. तर दिली खोली. घे.

कुलूप गंजलं होतं, तेल घालून उघडलं. त्याचे कपडे, वह्या, तारा तुटलेली ती दुतार, सगळं पेटीत घातलं आणि पेटी माझ्या पलंगाखाली. रडले, पण चुना लावता लावता रडले, त्यामुळे काम अडलं नाही. आता भिंती पांढऱ्या, चादर नवी, दारावर चारचा आकडा, आत तुझा तो नियमांचा कागद. धूम्रपान करू नये, बूट खाली काढावेत. इतर तिन्ही खोल्यांसारखीच केली, म्हणजे तुझ्या पाहुण्याला कमी-जास्त वाटायला नको. काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही.

मुलीसाठी लाल सपाता आणल्यात. पाच वर्षांची म्हणालीस ना? अंदाजाने घेतल्यात.

सनोबर

●

बुखारा, १३ सप्टेंबर

मस्तुरा,

तो ओलिम होता.

तुला ठाऊक होतं का? नसेल तर ऐक, आणि असेल तरी ऐक, कारण दुसऱ्या कुणाला सांगू?

दार वाजलं. उघडलं. दाढी राखलेला, खांदे रुंद झालेले, हाताला धरून एक पोर. "ओयी," म्हणाला. आई म्हणून मला हाक मारणारा जगात एकच जण. आणि माझ्या तोंडातून काय निघालं सांगू? तीन वर्षं रोज म्हणते ते. "या, या, आपलं स्वागत आहे. बूट इथे. खोली वर आहे." रशियनमध्ये, मस्तुरा! माझ्या पोराला!

त्याने बूट काढले. पिशवी घेऊन वर गेला. एकेक पायरी चढत गेला. मी खालीच उभी. वर त्याने बराच वेळ लावला. मग खाली आला तो पांढराफटक. मला वाटलं, प्रवासाने.

अंगणातल्या चौथऱ्यावर बसवलं. दस्तरखान अंथरला, नान मोडलं, बदाम ठेवले, द्राक्षं ठेवली. पोरगी सपाता घालून टकामका बघत होती. सबीना नाव. कपाळ थेट आपल्या आईचं. मी चहा ओतला, त्याच्यापुढे ठेवला. तो पियाल्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "ओयी, हा माझ्यासाठीच ओतलात?"

मी म्हटलं, "हो रे, तुझ्याचसाठी. पी ना." मला काय कळणार तो काय विचारतोय!

त्याने एका दमात संपवला. दोन्ही हात तोंडावरून फिरवले, आमीन म्हणाला. मी पोरीला खडीसाखर आणायला आत गेले. डबा वरच्या फळीवर, स्टुलावर चढले, उतरले, बाहेर आले, तर चौथरा रिकामा. दार सताड उघडं. पिशवी नाही. सपाता उंबऱ्याशी जोडून ठेवलेल्या. मी अनवाणी गल्लीच्या टोकाच्या हौदापर्यंत धावले. टॅक्सी निघून गेली होती.

सात वर्षांनी आला आणि अर्धा तास थांबला. मी जिवंत आहे का एवढंच बघायला आला असेल, आणि माझं तोंड बघितल्यावर जुना राग उफाळून आला असेल. हक्कच आहे त्याचा. पण पोरीला नीट जवळही घेतलं नाही गं मी. वाटलं, आधी चहा होऊ दे. आपल्याकडे वेळ आहे.

सनोबर

●

अल्माटी, १६ सप्टेंबर

आपा,

मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

मला ठाऊक होतं. वर्षभर तो मला फोन करतोय. पहिला प्रश्न नेहमी तुमच्या गुडघ्याचा. "मस्तुरा खोला, ओयीचं कसं चाललंय?" मावशीला खोला म्हणायचं तो विसरलेला नाही. आणि मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण त्याने शपथ घातली होती. यायला तो घाबरत होता. म्हणायचा, दारातच परत पाठवलं तर? शेवटी मीच म्हटलं, मुला, पाहुणा म्हणून जा. पाहुण्याला तुझी आई कधी परत पाठवत नाही. आणि वरची खोली मी मागितली ती त्याने स्वतःच्या खोलीत निजावं म्हणून. शहाणपणा करायला गेले आणि होत्याचं नव्हतं करून बसले.

काल त्याचा फोन आला. शब्द जसेच्या तसे लिहिते. "खोला, माझ्या खोलीला नंबर लावलाय. तेही चाललं असतं. पण ओयीने माझा पियाला काठोकाठ भरला. मी विचारलं, माझ्यासाठीच का? म्हणाली, तुझ्याचसाठी. मग मी काय करायचं होतं?"

आपा, तुम्ही भरलात? त्याचा?

चूक माझी आहे. भरा म्हणून मीच सांगितलं. मी त्याला सगळं समजावलं, फ्रेंच माणूस, तारे, सवय. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, "असेल, खोला. पण हात खोटं बोलत नाही. मनात होतं तेच हाताने केलं." यापुढे बोलायला तयार नाही.

तुम्ही फोन करता का? नंबर खाली देतेय.

तुमची मस्तुरा

●

बुखारा, १७ सप्टेंबर

मस्तुरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. भरला होता. डोळ्यांपुढे दिसतो मला तो पियाला. काठावर चहा थरथरत होता. या हाताने, ज्या हाताने त्याला भरवलं.

तुझ्यावर राग नाही. तू सांगितलंस ते परक्यांसाठी. माझंच पोर समोर बसल्यावर मला परकं आणि आपलं कळू नये? तो म्हणतो हात खोटं बोलत नाही. मी काल रात्रभर स्वतःला तेच विचारलं. मनात होतं का? नाही, मस्तुरा. खुदाला स्मरून सांगते, नव्हतं. पण सात वर्षांपूर्वी होतं, आणि तो तेवढंच घेऊन गेलाय इथून.

फोन करणार नाही. फोनवर आम्ही दोघं गप्प बसू, तो त्या टोकाला, मी या टोकाला. मी जाते. आपली आपा कधी समरकंदच्या पुढे गेली नाही म्हणून हसू नकोस. दाराशी जाऊन उभी राहीन. त्याच्यात दार ठोठावायची हिंमत होती, माझ्यात नसेल का?

बुकिंगं सगळी रद्द कर. घर बंद.

त्याला सांगू नकोस मी येतेय ते. नको म्हणाला तर निघायचं बळ राहणार नाही.

सनोबर

●

अल्माटी, २२ सप्टेंबर

आपा,

घर वेबसाइटवरून काढलं. घर पुन्हा कधी उघडणार त्याची तारीख ते विचारत होते, मी रकाना मोकळा सोडला. इटलीच्या पाहुण्यांना हौदाशेजारच्या मुहाब्बतकडे लावून दिलं. ती इतकी खूश झाली की तुमच्यासाठी दुवा मागत होती.

ताश्कंदहून विमान आहे, तिकीट सोबत पाठवतेय. येण्या-जाण्याचं काढलंय. माझ्या जावयाचा मित्र विमानतळावर भेटेल. लोकरीचे मोजे दोन जोड घाला, आणि तो हिरवा रेशमी कोट नको, तिकडे गारठून जाल.

आपा, एक सांगते, रागावू नका. दार ओलिम उघडणार नाही. तो दिवसा कामावर असतो. दार इल्मीरा उघडेल. तिच्याबद्दल तुम्ही काय काय बोलला होतात ते तिला शब्दन् शब्द ठाऊक आहे.

सांभाळून जा. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुमची मस्तुरा

●

चेल्याबिन्स्क, ११ ऑक्टोबर

मस्तुरा, माझ्या लाडके,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहू तेच कळत नव्हतं. आता कळलंय.

दार इल्मीरानेच उघडलं. उंच आहे, केस आखूड, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. इस्पितळात पाळ्या करते. मी नाव सांगायच्या आत तिने मला ओळखलं. क्षणभर तिचा हात दारावरच होता. मग म्हणाली, "या." एवढंच.

त्यांनी मला कसं ठेवलं विचारशील, तर राणीसारखं. दोनच खोल्यांचं घर. स्वतःचा पलंग मला दिला, आणि ती तिघं स्वयंपाकघरात जमिनीवर. बसायला दारापासून सगळ्यात लांबची मानाची जागा. काचेच्या कपाटातली बशी माझ्यासाठी. ओलिम कामावरून आला, मला बघून उभाच राहिला, मग वाकून सलाम केला. "प्रवास नीट झाला ना, ओयी? काही हवं का, ओयी?" सकाळी तेच, संध्याकाळी तेच. मी उठले की तिघं उठायची. ताटाला हात लावला की ताट काढून घ्यायची.

मस्तुरा, तीन वर्षं मी हाच उद्योग केलाय. पाहुण्याला खूश ठेवणं माझ्याहून कुणाला कळतं? त्यांनी मला कुठे बसवलंय ते मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. मी त्या डच बाईच्या जागी होते.

दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, "त्या चहाचं..." तो म्हणाला, "खोलाने सांगितलंय, ओयी. राहू द्या." आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मग मी म्हटलं, "चहा चुकून झाला. पण घरात जागा नाही म्हणाले ते चुकून नव्हतं. ते मी ठरवून बोलले होते आणि त्याची मला लाज वाटते. तुझी आणि तिची, दोघांची माफी मागते." तो उठून माझ्यासाठी चहा ठेवायला गेला. इल्मीरा दारात उभी होती, तीही आत निघून गेली. असे सात दिवस गेले. परत कधी निघायचंय, विमानतळावर सोडायला सुट्टी घ्यावी लागेल, असं ओलिमने अदबीने विचारलं तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

आणि मग काल मी मोठा पराक्रम केला. घरात कुणी नव्हतं. हात शिवशिवत होते. इल्मीराचा पांढरा लोकरी स्वेटर बादलीत दिसला, म्हटलं धुऊन टाकू. माझ्या चादरी धुते तसा कढत पाण्यात, चांगला चोळून. बाहेर निघाला तो सबीनालाही होईना, तिच्या बाहुलीला झाला असता.

इल्मीरा इस्पितळातली पाळी संपवून आली. स्वेटर बघितला आणि अशी कडाडली! "काय केलंत हे? विचारायचं तरी होतं! लोकर कुणी उकळतं का? वय झालं तरी एवढं कळत नाही?" ओलिम धावत आला. "हळू बोल, ओयी आहे."

"ओयी आहे ना?" ती म्हणाली, "मग आठ दिवस पाहुणीसारखी काय बसवून ठेवलीय? मी इथे मरमर मरतेय, दोन-दोन पाळ्या, आणि घरात धडधाकट सासू द्राक्षं खात बसलीय!" मग माझ्याकडे वळून, बोट रोखून, "उद्यापासून सबीनाला बालवाडीतून तुम्ही आणायचं. चार वाजता. उशीर झाला तर तिथली बाई माझ्यावर ओरडते. आणि संध्याकाळचे बटाटे तुमच्याकडे. आणि माझ्या लोकरीला पुन्हा हात लावायचा नाही!"

मी मान खाली घालून हो म्हटलं. हसू येत होतं म्हणून मान वर करवेना. ओलिमने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सात वर्षांनी पहिल्यांदा माझा मुलगा माझ्यादेखत पोट धरून हसला. हसता हसता तोंड ओंजळीत लपवलं, खांदे हलत होते, आणि मग माझ्याजवळ येऊन बसला आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. जड झालंय गं त्याचं डोकं. मी हलले नाही.

ती मला ओरडली, मस्तुरा. परक्याला कुणी असं ओरडत नाही.

परतीचं तिकीट रात्री ओलिमने मागून घेतलं आणि स्वतःच्या पाकिटात ठेवलं. परत कधी देणार, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बालवाडीचा रस्ता सकाळीच दोनदा चालून आले. इथे पाटी वाचता येते, पण सगळ्या इमारती सारख्याच, म्हणून निळ्या बाकावरून डावीकडे अशी खूण ठेवलीय.

आता पुरे. साडेतीन वाजलेत, मोजे चढवायचेत. मला चारला तिथे पोचायचंय.

तुझी सनोबर आपा